खालच्यांचा गोळा, वरच्यांची वही

आमच्या दारासमोरून शेवटची गाडी गेली त्याला एकतीस वर्षं झाली. अख्ख्या गावाने ती जाताना पाहिली, हात हलवले, काहींनी रडून घेतलं, आणि मग सगळे घरी जाऊन जेवले. फक्त माझ्या सासऱ्यांच्या मते ती गाडी अजून पोचलेली नव्हती.

रुळांवर कुणी चादर वाळत घातली, शेळी बांधली, नाहीतर चौघं पत्ते कुटत बसली, की आबा काठी टेकत तिथे हजर. "उठा, गाडी मार्गात आहे." रूळ गंजून विटेच्या रंगाचे झालेले, मधून कमरेएवढं गवत, आणि हा माणूस शांतपणे सांगतोय की गाडी मार्गात आहे. गावाने त्यांचं नावच 'मार्गात' ठेवलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात भाजीवाली मला म्हणाली, तू मार्गातांची सून ना गं? माझं तोंड एवढंसं झालं.

मी जरा फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते. त्याच दिवशी मी आमच्या ह्यांना विचारलं, तुमच्या वडिलांच्या डोक्यात काही बिघाड असेल तर लग्नाआधी सांगायला काय झालं होतं? हे म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, तेवढं एक सोडून दे. आणि बाकी सगळं खरंच ठीक होतं. आबांच्या घड्याळावर शाळा भरायची. दोन घरांत हद्दीवरून भांडण लागलं की लोक मोजायला आबांना बोलवायचे, कारण आबांनी टाकलेली फीत कुणाच्या बाजूला झुकायची नाही. एवढा सरळ माणूस एकाच बाबतीत इतका वाकडा कसा, हे कोडं मी बावीस वर्षं डोक्यावर घेऊन फिरले.

आम्ही स्टेशनातच राहायचो. मागच्या दोन खोल्या पूर्वीपासून आबांच्या होत्या. पुढचा स्टेशनाचा भाग बंद पडल्यावर त्याची किल्ली मागायला कुणी आलंच नाही. कुठल्याशा कचेरीत कुठलीशी फाइल अर्धवट पडली असेल, असं हे म्हणत. मग तिकीटघरात मी माझं शिलाई मशीन मांडलं. ज्या अर्धगोल खिडकीतून तिकिटं मिळत, तिच्यातून मी लोकांचे शिवलेले कपडे द्यायचे. कोपऱ्यात मात्र आबांचं यंत्र. लाल रंगाचं, कपाटाएवढं उंच, पितळी मूठ, आणि मधोमध एक गोल तोंड. आबा रोज सकाळी ते पुसत. माझी टेप जरी त्याच्यावर लटकली तरी मला ती गुपचूप काढून हातात मिळायची, वर एक शब्द नाही. शब्द मिळाले असते तर मी दोन परत केले असते, म्हणून मला त्याचाच जास्त राग यायचा.

या गावाची गोष्टही त्या यंत्राइतकीच चमत्कारिक आहे. डोंगर चढण्याआधी इंजिनाला पाणी लागायचं म्हणून इथे एक टाकी बांधली. टाकीवर एक माणूस ठेवला. माणसाला बायको आली, बायकोला शेजार हवा झाला, आणि एका तहानलेल्या इंजिनापोटी सातशे माणसांचं गाव उभं राहिलं. आबा एकोणिसाव्या वर्षी सांधेवाला म्हणून इथे लागले. गाडीला या रुळावरून त्या रुळावर घ्यायचं तर सांधे बदलावे लागतात. ते काम त्यांचं. तेव्हा स्टेशनात अकरा माणसं होती. मग पाणी न पिणारी इंजिनं आली, मग डोंगराला वळसा घालून रस्ता आला, आणि एकेक माणूस कमी होत गेला. मास्तर गेले, घंटावाला गेला, हमाल गेले. शेवटची चौदा वर्षं आबाच तिकीट देत, आबाच सांधे ओढत, आबाच झेंडी दाखवत. गावकरी म्हणायचे, आबांनी शिट्टी मारायला घेतली तर इंजिनाचीही गरज नाही.

आणि या सगळ्यात आबांना सोबत होती ती वरच्यांची.

वरचे म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या स्टेशनातले. तेही असेच एकटे उरलेले. दोन स्टेशनांमध्ये अकरा किलोमीटर, एक लांब बोगदा आणि एकच रूळजोडी. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर खेळ खलास. म्हणून दोन्ही टोकांना ती लाल यंत्रं आणि त्यांत लोखंडी गोळे. वरच्यांनी आपल्या यंत्रातून एक गोळा काढून ड्रायव्हरला द्यायचा. तो हातात असेल तरच गाडी निघणार. एकदा गोळा बाहेर पडला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद, दुसरा गोळा निघतच नाही. गाडी खाली आली की ड्रायव्हर तो गोळा आबांकडे टाकणार, आबा तो आपल्या यंत्राच्या तोंडात सोडणार, आणि तारेवरून वरच्यांची घंटा वाजणार. गाडी पोचली, मार्ग मोकळा. तोवर गाडी मार्गात.

सव्वीस वर्षं या दोघांनी अशा घंटा वाजवल्या आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. दोघंही आपापल्या ठिकाणी एकटे, एकाला सोडून दुसऱ्याला निघता येईना. नावाने ओळख नव्हतीच. हे वरचे, ते खालचे. पण घंटेच्या हातावरून आबा सांगायचे, आज वरच्यांना ताप आहे. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, माझा ताप यांना थर्मामीटर लावून कळतो.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते यंदा एका सकाळी उघडं पडलं.

त्या सकाळी रूळ उचलायचा ठेका घेतलेल्यांचा मुकादम आला. पोट सुटलेला, पिवळी टोपी, हसरा माणूस. तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून मला म्हणाला, ताई, इथले खालचे कोण? माझं मशीन थांबलं, कारण हा शब्द मी आबांच्या तोंडाखेरीज कुठे ऐकलाच नव्हता. आबा मागून आले. मुकादम सांगू लागला, की आम्ही वरून काम सुरू करणार होतो, पण वरच्या स्टेशनात एक म्हातारा आहे, तो रुळात येऊन उभा राहिला. "म्हणतो, गाडी मार्गात आहे. म्हटलं, बाबा कुठली गाडी? तर म्हणतो, खालच्यांना विचारा. ते मोकळा म्हणाले तर उचला. आता एवढ्या म्हाताऱ्याला हात कोण लावणार? तुम्ही एक शब्द सांगा, सोमवारपासून कामाला लागतो."

आबांच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायलाही ते वाकले नाहीत. मुकादमाला मी परवा या म्हणून वाटेला लावलं आणि वळले, तर आबा माझ्या शिवणाच्या स्टुलावर बसलेले.

"वरचे अजून बसलेत," ते म्हणाले. "सूनबाई, वरचे अजून बसलेत."

मग खाटेखालची पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः ओढून काढली. तळाशी, जुन्या झेंडीत गुंडाळलेला, माझ्या दोन मुठींएवढा एक लोखंडी गोळा होता. तेल लावून लावून काळा कुळकुळीत झालेला.

शेवटच्या गाडीचा गोळा. तो यंत्रात गेलाच नव्हता.

आबांनी सांगितलं ते असं. बंदीचा हुकूम आला होता, त्यात एक ओळ होती: शेवटची गाडी पोचल्याची खबर वरच्या स्टेशनाला मिळताच दोन्ही स्टेशनं बंद समजावीत. त्या दिवशी चार वाजून बावन्न मिनिटांनी गाडी आली. फलाटावर ही गर्दी. आबांनी ड्रायव्हरकडून गोळा घेतला, पुढच्या टप्प्याचा दिला, गाडी निघून गेली. ते आत आले, गोळा यंत्राच्या तोंडाशी नेला. तो सोडला की घंटा वाजणार, आणि घंटा वाजली की स्टेशन मेलं. त्यांचा हात तिथेच थांबला. मग ते बाहेर येऊन बाकावर बसले, गोळा मांडीवर घेऊन. आत वरच्यांची घंटा वाजू लागली, विचारणा करणारी: गाडी कुठे आहे? संध्याकाळभर वाजली, दुसऱ्या दिवशी सकाळीही वाजली, मग थांबली. आबांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तारवाले आले, तारा कापून घेऊन गेले, आणि घंटा कायमची मुकी झाली.

"चौतीस वर्षांत मी एक नियम मोडला नाही," आबा म्हणाले. "तेव्हाही मोडला नाही. फक्त पुरा केला नाही. म्हटलं, खबर गेली नाही तर स्टेशन बंद कसं होईल? वरचे समजून घेतील, कुलूप लावून जातील घरी. आणि ते अजून ड्युटीवर आहेत. मी माझं स्टेशन धरून बसलो आणि त्या माणसाला तिथे बांधून घातलं."

ज्याला मी बावीस वर्षं म्हाताऱ्याचा हट्ट म्हणत होते, ती एका मनुष्याने सगळ्या सरकारशी एकट्याने घेतलेली टक्कर होती, आणि तीही नियमाच्या पुस्तकातूनच शोधून काढलेली. फाइल कुठल्या कचेरीत अर्धवट राहिली तेही कळलं. ती माझ्या मशीनपासून चार पावलांवर, खाटेखाली होती.

वर जायचं ठरलं. मुकादमाने त्याची रुळांवरची ट्रॉली देऊ केली. बोगद्यातून तासाभरात पोचवतो म्हणाला. आबा म्हणाले, मार्ग मोकळा नाही, आत शिरता येणार नाही. मी कपाळावर हात मारला. मग रस्त्याने, दोन गाड्या बदलत, डोंगराला सगळा वळसा घालत पाच तास. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस वाटभर मांडीवर गोळा घेऊन बसला होता आणि मी पाण्याची बाटली सांभाळत मनातल्या मनात नियम करणाऱ्यांचा उद्धार करत होते.

वरचं स्टेशन पाहून मी दारातच थबकले. तीच अर्धगोल खिडकी, तोच बाक, तशाच मागे दोन खोल्या. आपल्या घरात शिरावं आणि भांडी दुसऱ्याची निघावीत तसं झालं. टेबलामागे एक उंच, काटकुळा म्हातारा बसला होता. आबांना वाटायचं वरचे जाडजूड असतील, घंटेचा हात जड म्हणून. अंगात ड्युटीचा कोट. माझं लक्ष धंद्यामुळे बटणांकडेच जातं: पाचही बटणं पुन्हा पुन्हा टाचलेली, प्रत्येकाचा दोरा वेगळ्या रंगाचा. कुणीतरी वर्षानुवर्षं तो कोट जगवला होता.

"मी खालचा," आबा म्हणाले.

वरच्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "या," ते म्हणाले, "उशीर केलात."

टेबलावर वही उघडी होती. पानं पिवळी पडलेली, पण धुळीचा कण नाही. शेवटच्या ओळीत गाडीचा नंबर, गोळ्याचा नंबर, सुटली चार वाजून दहा मिनिटांनी. पुढचा रकाना, 'पोचली', कोरा. एकतीस वर्षं ती वही रोज उघडली जात होती आणि रोज तो रकाना कोरा ठेवून मिटली जात होती. मी त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत राहिले. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा असेल.

आबांनी गोळा टेबलावर ठेवला. वरच्यांनी त्याचा नंबर वाचला, वहीशी ताडून पाहिला, मान हलवली, पण लिहीनात. घंटा मिळाली नाही तर कसं लिहिणार? मी म्हटलं, अहो आजोबा, घंटेची तार कापून एकतीस वर्षं झाली! तेव्हा दोघा म्हाताऱ्यांनी माझ्याकडे एकाच वेळी असं पाहिलं, की मी गप्प बसले. तार तुटली तर लेखी खबर चालते, असं शेवटी आबांनाच आठवलं. कुठल्या पोटनियमात, तेही दोघांनी एका सुरात म्हटलं. आबांनी कागद घेतला आणि लिहिलं, की गाडी पूर्ण पोचली, चार वाजून बावन्न, मार्ग मोकळा. खाली सही. 'मोकळा' त्यांना दोनदा लिहावं लागलं.

वरच्यांनी रकान्यात वेळ भरली. मग पेन्सिल पुढच्या रकान्यावर नेली.

"खबर उशिरा आल्याचं कारण?"

आबांनी तो रकाना पाहिला. "लिहा," ते म्हणाले, "हात उचलला नाही."

वरच्यांनी तसंच्या तसं लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "ठाऊक होतं मला. मी पाहिलं होतं."

गाडीचा पत्ता लागत नसेल तर मार्गावर चालत जाऊन शोधायचं, असा नियम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे लाल झेंडी आणि कंदील घेऊन निघाले होते. अकरा किलोमीटर, त्यातला बोगदा एकट्याने पार केला, प्रत्येक वळणावर उलटलेले डबे दिसतील या भीतीने. एकही डबा दिसला नाही. दुपारी आमच्या स्टेशनाच्या वळणाशी आले. समोर रिकामा फलाट, आणि बाकावर एक माणूस, मांडीवर गोळा घेऊन.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं. हाक मारणार होतो," वरचे म्हणाले. "मग म्हटलं, ह्यांना थोडा वेळ हवाय. घेऊ दे. तसाच मागे फिरलो." ते किंचित हसले. "मला वाटलं होतं, दोन-चार दिवस घ्याल."

आबांनी टेबलावर डोकं टेकलं. माझ्या सासऱ्यांना मी सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही. मला नुसतं गप्प बसवलं त्या गोष्टीने, आणि मला गप्प बसवणं सोपं नाही. एकाने गोळा धरून ठेवला आणि दुसऱ्याने, सगळं डोळ्यांनी पाहून, त्याला तो धरू दिला. घंटा तुमची, तुम्ही वाजवाल तेव्हा मी ऐकीन, एवढ्याच बोलीवर एक माणूस डोंगरावर म्हातारा झाला.

पण ती किंमत त्याने एकट्याने भरली नव्हती. आतून त्याची बायको आली. आल्यापासून तिने आम्हाला पाणी दिलं होतं, शब्द दिला नव्हता. मला नंतर कळलं, त्या शेवटच्या दिवशी ती वळकटी बांधून, दोन मुलांना घेऊन फलाटावर तयार बसली होती. घंटा आली की कुलूप लावून शहरात, बहिणीच्या शेजारी राहायला जायचं. घंटा आली नाही. मुलं शिकायला गेली ती तिकडचीच झाली. मुलगी दर वर्षी बोलवायची आणि नवरा म्हणायचा, ड्युटी सुटली की जाऊ.

आबा तिच्यासमोर उभे राहिले, हात जोडले.

"तुमचा राग होता," ती म्हणाली. "पहिली दहा वर्षं रोज होता. मग तुमच्यावरचा संपला आणि ह्यांच्यावर आला." मग ती नवऱ्याकडे वळली. "म्हणजे सुटली ड्युटी?"

"सुटली."

"मग मी सामान बांधते."

पुढच्या रविवारी ती दोघं मुकादमाच्या ट्रॉलीवरून खाली आली. आता मार्ग मोकळा होता, पण गोळ्याशिवाय त्यावर कुणी शिरू शकत नाही, म्हणून गोळा आम्ही वरच ठेवून आलो होतो. आबा सकाळपासून दाढी करून फलाटाच्या कडेला, पूर्वी जिथे उभे राहत तिथेच उभे होते. गाव जमलं होतं. मार्गात, मार्गात म्हणून चिडवणारे सगळे होते, आणि कुणाच्या तोंडून ब्र निघत नव्हता. वळणावर ट्रॉली दिसली. पुढे वरचे उभे, कोटाची पाचही बटणं लावलेली, हातात वेताची मोठी कडी, तिच्या कातडी पिशवीत गोळा. मागे वळकटीवर त्यांची बायको, मांडीवर ती वही. ट्रॉली थांबली नाही. वरच्यांनी कडी पुढे धरली, आबांनी हात लांब केला, आणि चालत्या गाडीतून कडी अलगद त्यांच्या दंडात येऊन बसली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या दंडात. एकतीस वर्षं न केलेलं काम तो हात विसरला नव्हता.

आबा कुणाशी न बोलता आत गेले. मी माझं मशीन आदल्या दिवशीच बाजूला सरकवलं होतं. या वेळी हात थांबला नाही. गोळा यंत्राच्या तोंडात गेला आणि आत खोलवर लोखंडावर लोखंड पडलं. वर घंटा वाजली नसणार. तार नव्हती, आणि ऐकायला तिथे कुणी उरलंही नव्हतं. ऐकणारे आमच्या बाकावर बसले होते. त्यांनी तो आवाज डोळे मिटून ऐकला, बायकोच्या मांडीवरून वही घेतली, वेळ लिहिली आणि वही मिटली. ती मात्र गावकऱ्यांना विचारत होती की शहराची बस किती वाजता सुटते.

आबा बाहेर आले. स्टेशनाची किल्ली त्यांनी मुकादमाच्या हातावर ठेवली. मग मला म्हणाले, "सूनबाई, रूळ उद्या दुपारी उचलणार आहेत. तोवर चादरी घाल वाळत."

बावीस वर्षांत मी त्या रुळांवर पाय ठेवला नव्हता. चादरी घेऊन उतरले, तर दिवसभराचं ऊन खाऊन ते चांगले गरम झाले होते.